एटापल्ली परिसरातील ओळखीचा इतिहास आणि समाजमाध्यमांवरील व्यक्तिपरिचयाचा खाजगीपणा

प्रस्तावना

एटापल्लीच्या बाजारात दोन अनोळखी माडिया माणसे समोरासमोर आली की बोलणे बहुधा दोन प्रश्नांनी सुरू होते : गाव कोणते आणि कूळ कोणते. व्यक्तीचे नाव नंतर कधीतरी येते, काही वेळा येतही नाही. उत्तर मिळताच समोरचा माणूस भाऊ लागतो की सोयरा हे ठरते आणि त्याच्याशी थट्टा करावी की अदब राखावी, हेही त्यासोबत ठरते. शहरातून नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकाला हे प्रश्न चौकशीखोर वाटतात. परंतु विचारणाऱ्यालाही आपले गाव व कूळ सांगावेच लागते, ही गोष्ट त्याच्या लक्षात सहसा उशिरा येते.

याच परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थी आज फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर स्वतःचे प्रोफाइल तयार करतो तेव्हा तोही नाव, आडनाव, गाव, शाळा आणि छायाचित्र अशीच माहिती देतो. बाजारात सांगितलेली माहिती आणि पडद्यावर भरलेली माहिती यांत तपशिलाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. तरीही पहिलीने कोणाचे नुकसान झाल्याचे ऐकिवात नाही आणि दुसरीविषयी मात्र पालकांपासून न्यायालयांपर्यंत सर्वत्र चिंता व्यक्त होते. ही चिंता केवळ नव्या यंत्राविषयीची भीती आहे काय, की ओळख सांगण्याच्या व्यवहारातच काही मूलभूत बदल झाला आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

खाजगीपणाच्या हक्काची आधुनिक चर्चा सामान्यतः १८९० मध्ये वॉरन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकन विधिज्ञांनी लिहिलेल्या निबंधापासून सुरू केली जाते. वृत्तपत्रे आणि झटपट छायाचित्रे यांनी घरातील गोष्टी चव्हाट्यावर आणल्या, ही त्यांची तक्रार होती. एका सुखवस्तू शहरी वर्गाची ती तक्रार होती आणि ‘मला एकटे राहू द्या’ असा तिचा सूर होता. गडचिरोलीच्या जंगलातील गावाला हा सूर मुळीच जुळत नाही. तेथे एकटे राहणे ही शिक्षा समजली जाते. म्हणून येथील ओळखीचा इतिहास वेगळ्या टोकाने वाचावा लागतो. या इतिहासावरून असे दिसते की, ओळख उघडी होती किंवा झाकलेली होती एवढ्याने तिची सुरक्षितता ठरत नव्हती. पाहणारा स्वतः पाहिला जात होता की नाही, यावर ती ठरत होती.

कूळ, सोयरे आणि वंशावळ

एटापल्ली हा आज गडचिरोली जिल्ह्यातील तालुका आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा निर्माण झाला. त्यापूर्वीच्या चांदा जिल्ह्यात हा भूभाग अहेरीच्या जमीनदारीत मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत चांदा जिल्हा आधी मध्य प्रांतात व नंतर मध्य प्रदेशात होता. पूर्वेकडे बस्तर संस्थान आणि अबुजमाडचा डोंगराळ मुलूख होता. सीमा कागदावर होती. कुळे, सोयरिकी आणि जत्रा सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या होत्या व आजही आहेत.

बस्तर संस्थानाचे प्रशासक म्हणून १९२७ ते १९३१ या काळात काम केलेले विल्फ्रिड ग्रिगसन यांनी १९३८ मध्ये माडिया गोंडांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी कुळांच्या ‘दादाभाई’ आणि ‘अकोमामा’ अशा विभागणीची नोंद केली आहे. दादाभाई म्हणजे ज्यांच्याशी भाऊपणा आहे अशी कुळे. अकोमामा म्हणजे ज्यांच्याशी मुली देण्याघेण्याचा संबंध होऊ शकतो अशी कुळे. गोंड समाजात इतरत्र चार, पाच, सहा, सात अशा देवसंख्येवरून हीच व्यवस्था सांगितली जाते. एकाच देवसंख्येच्या कुळांत विवाह होत नाही. तेव्हा अनोळखी माणसाचे कूळ विचारणे म्हणजे त्याच्याशी आपले नाते कोणते, हे विचारणे होय. या माहितीला एकट्याने काही अर्थ नाही. ती दोघांची मिळूनच पूर्ण होते.

ही माहिती जतन करण्याचे काम काही समाजांकडे सोपवलेले असे. आदिलाबादच्या राजगोंडांवरील १९४८ च्या ग्रंथात फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांनी प्रधानांचे वर्णन केले आहे. प्रधान किंगरीच्या साथीने यजमान गोंड कुळाची उत्पत्तिकथा गातात आणि त्याबद्दल त्यांना दान मिळते. प्रधानाला यजमानाचे सारे कूळ ठाऊक असते आणि यजमानाला आपला प्रधान कोण हे ठाऊक असते. मराठी वाचकाला याची जवळची उदाहरणे सहज आठवतील. दक्षिण महाराष्ट्रातील हेळवी गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी राखत आले आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पणजोबांच्या हातची नोंद सापडल्याचे अनेकांनी अनुभवले असेल. वही मागण्यासाठी गाव आणि आडनाव सांगावे लागते, आणि वाचून झाल्यावर आपले, मुलाबाळांचे नाव पुढे लिहून सही करावी लागते. पाहणारा नोंद सोडून जातो.

या व्यवस्थेचे उगाच उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. सर्वांना सर्व ठाऊक असणाऱ्या गावात विधवेची, जातीबाहेर विवाह करणाऱ्याची किंवा चेटकीण म्हणून संशय घेतलेल्या स्त्रीची काय अवस्था होते, हे आपण जाणतो. परस्परांच्या नजरेत समानता असतेच असे नाही. परंतु नजर कोणाची आहे हे तेथे लपलेले नसते आणि म्हणून तिच्याशी भांडता तरी येते.

गोटुलातील नाव

उघडेपणाच्या या व्यवस्थेत झाकलेली जागाही होती. बस्तरमधील मुरिया गोंडांच्या गोटुलाविषयी व्हेरियर एल्विन यांनी १९४७ मध्ये लिहिलेला ग्रंथ प्रसिद्धच आहे. गोटुलात दाखल झालेल्या प्रत्येक मुलामुलीला तेथे एक वेगळे नाव मिळत असे. ते नाव गोटुलाच्या मंडळींमध्ये चाले. तेथील गोष्टी बाहेर बोलणे हा दोष मानला जाई. विवाहानंतर सदस्यत्व संपत असे. आजच्या तरुणाला हे ऐकून संकेतस्थळांवरील टोपणनावांची आठवण झाली तर नवल नाही. मात्र एक भेद आहे : गोटुलातील नाव खुद्द मंडळी देत, त्यामागे लपून अनोळखी राहता येत नसे.

एटापल्ली-भामरागडकडील माडियांचे गोटुल मुरियांच्या गोटुलाहून भिन्न आहे, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. ग्रिगसन यांच्या नोंदीप्रमाणे डोंगरी माडियांच्या मुली रात्री गोटुलात झोपत नाहीत. गडचिरोलीकडे गोटुल हे प्रामुख्याने गावाच्या बैठकीचे, पाहुण्याच्या मुक्कामाचे आणि तरुणांच्या एकत्र येण्याचे ठिकाण राहिले. एल्विन यांच्या ग्रंथामुळे आणि त्याहूनही अधिक त्याच्या ऐकीव सारांशांमुळे हा भेद पुसला गेला. ‘गोटुल’ शब्द उच्चारताच शहरी श्रोत्याच्या चेहऱ्यावर उमटणारे हसू येथील विद्यार्थ्याने वसतिगृहात, प्रवासात, कधी कधी वर्गातही पाहिलेले असते. एल्विन सहृदय होते, मुरियांचे हितचिंतक होते. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही जे मंडळीपुरते होते ते छायाचित्रांसह इंग्रजी ग्रंथात गेले. ते कोण वाचते, कोणत्या भावनेने वाचते, हे मुरियांना कळण्याचा मार्ग उरला नाही. ओळखीचा व्यवहार एकतर्फी झाला तो असा.

सरकारी नोंदीतील माणूस

एकतर्फी पाहण्याची सुरुवात अर्थातच एल्विन यांच्यापूर्वी झाली होती. १८६८ ते १८७५ या काळात वॉटसन आणि के यांनी संपादित केलेले ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड प्रकाशित झाले. प्रत्येक पानावर छायाचित्र आणि त्यासोबत त्या जमातीच्या स्वभावगुणांचे वर्णन, अशी त्याची मांडणी होती. चेहरा एका व्यक्तीचा, मजकूर संपूर्ण जमातीचा. छायाचित्र आणि त्याखाली चार ओळींचा परिचय हा साचा आज आपल्याला फार ओळखीचा वाटतो. तो मजकूर स्वतः त्या माणसाने लिहिलेला नव्हता, एवढेच. पुढे मध्य प्रांताच्या १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख राहिलेले रसेल यांनी रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंड काढले. गोंडांची कुळे, देव, विवाहविधी, मृत्युविधी त्यात तपशिलाने आले. प्रशासनाने माणसाला ओळखण्याची ही संदर्भसाधने झाली.

स्वतंत्र भारताने या परंपरेत एक महत्त्वाची दुरुस्ती केली, तिची दखल फारशी घेतली जात नाही. १९४८ च्या जनगणना अधिनियमाच्या कलम १५ नुसार व्यक्तीची जनगणनेतील नोंद कोणालाही पाहण्यासाठी खुली नसते, आणि ती काही अपवाद वगळता न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. आकडे सर्वांचे, नोंद मात्र कुलूपबंद. घरातील माणसे, भाषा, धर्म असा मजकूर नागरिकाने प्रगणकाला निर्धास्तपणे सांगावा म्हणून ही तजवीज होती. खाजगीपणा हा शब्दही आपल्या सार्वजनिक चर्चेत नव्हता त्या काळी हे घडले.

परंतु आदिवासी नागरिकाच्या बाबतीत दुसरी एक नोंद उघडीच राहिली, किंबहुना अधिकाधिक उघडी होत गेली. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने ६ सप्टेंबर १९५० रोजी निश्चित झाली. जातप्रमाणपत्र आणि त्याची वैधता यांसाठी महाराष्ट्रात या तारखेपूर्वीच्या वास्तव्याचे व जमातीचे पुरावे महत्त्वाचे ठरतात. बनावट प्रमाणपत्रांचा प्रश्न गंभीर होता आणि त्याचा फटका खऱ्या आदिवासींनाच बसत होता, यात शंका नाही. कुमारी माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये पडताळणी समित्यांची व दक्षता पथकांची कार्यपद्धती घालून दिली. त्या पद्धतीत अर्जदाराच्या जमातीची वैशिष्ट्ये, देवदेवता, विधी, विवाहाची रीत, प्रेताची विल्हेवाट यांची चौकशी समाविष्ट झाली. याला आप्तभाव चाचणी म्हणतात.

या चाचणीचा अर्थ एटापल्लीच्या दृष्टीने नीट समजून घेतला पाहिजे. बाजारात कूळ विचारले जाते तेव्हा विचारणारा आपले कूळ सांगतो. समितीपुढे तो प्रश्न तोच आहे, परंतु विचारणारा स्वतःविषयी काहीही सांगत नाही. घरच्या देवघरातील आणि स्मशानातील गोष्टी येथे कागदोपत्री सिद्ध कराव्या लागतात. आणि ज्या मानववंशशास्त्रीय वर्णनांशी त्या ताडून पाहिल्या जातात, त्या वर्णनांचे मूळ बहुधा रसेल-हिरालाल यांच्या परंपरेत सापडते. वसतिगृहात वाढलेल्या, देवांची नावे आजोबांकडून अर्धवट ऐकलेल्या मुलाने येथे अडखळणे स्वाभाविक आहे. आप्तभाव चाचणी ही जमात ठरवण्याची निर्णायक कसोटी मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २४ मार्च २०२३ रोजी स्पष्ट केले. तोपर्यंत जवळजवळ तीन दशके लोटली होती.

याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासीबहुल गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक वाटण्यात आले. देवांची नावे सांगण्याऐवजी आता बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे पुरेशी होती. ज्यांच्याकडे झाकून ठेवण्यासारखे सर्वांत थोडे होते त्यांच्यापासूनच आरंभ झाला, हे वाक्य त्या वेळी अनेकांना अतिशयोक्तीचे वाटले असते.

‘ऊर्फ’ या शब्दाचे वजन

गडचिरोलीत ओळख उघड होण्याचा आणखी एक अर्थ आहे आणि तो टाळून हा विषय पूर्ण होत नाही. १९८० च्या सुमारास आंध्र प्रदेशातून नक्षलवादी दलमे या जंगलात आली. दलमात दाखल होणाऱ्याचे नाव बदलत असे. पोलिसांच्या इनामी फलकांवर, आणि राज्य शासनाने २००५ मध्ये आत्मसमर्पण योजना सुरू केल्यानंतर वृत्तपत्रांत आलेल्या छायाचित्रांखालीही, दोन नावे आणि त्यांच्यामध्ये ‘ऊर्फ’ अशी पद्धत रूढ झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती यांनी साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, तेव्हाही बातम्यांचे मथळे याच पद्धतीचे होते.

जे दलमात नव्हते आणि पोलिसांतही नव्हते, त्यांच्यासाठी प्रश्न अधिक कठीण होता. कोण कोणाशी बोलतो, कोणाच्या घरी कोण जेवले, एवढ्यावर संशय उभा राहत असे. पोलीस खबरी असल्याच्या संशयावरून माओवाद्यांनी या जिल्ह्यात वर्षानुवर्षे ग्रामस्थांच्या हत्या केल्या. जानेवारी २०१९ मध्ये भामरागड तालुक्यातील कसनासूर येथील तिघांची हत्या त्यांपैकीच. दुसऱ्या बाजूने नक्षल समर्थक असल्याचा संशयही असेच परिचय व संबंध पाहून घेतला जाई. माणूस स्वतः काय करतो यापेक्षा त्याच्या ओळखीची माणसे कोण, हाच पुरावा ठरू लागला. समाजमाध्यमांच्या भाषेत याला मित्रयादी म्हणतात.

ऑर्कुटपासून कुलूपबंद प्रोफाइलपर्यंत

ऑर्कुट आणि फेसबुक ही दोन्ही संकेतस्थळे २००४ च्या आरंभी, काही दिवसांच्या अंतराने सुरू झाली. भारतात आधी ऑर्कुट गाजले. त्यावरील स्क्रॅपबुक, म्हणजे दोन मित्रांमधील निरोपांची वही, आरंभी कोणीही उघडून वाचू शकत असे. २००६ मध्ये ऑर्कुटने ‘आपल्याकडे नुकतेच कोण येऊन गेले’ हे दाखवणारी सोय दिली. तिची अट मोठी मार्मिक होती : स्वतः गुप्तपणे पाहायचे असेल तर आपल्याकडे कोण आले हेही कळणार नाही. एटापल्लीच्या बाजारातील नियमाशी इतके साम्य असलेली दुसरी सोय या संकेतस्थळांच्या इतिहासात क्वचितच दाखवता येईल. मुलांनी ती लगेच बंद कशी करायची हे शोधून काढले, हा भाग वेगळा. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुटच बंद झाले.

ऑर्कुटच्याच काळात महाराष्ट्राने या माध्यमाचा धोका प्रथम अनुभवला. छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी २००७ मध्ये बंगळुरू येथील एका संगणक अभियंत्यास अटक केली. सेवा पुरवठादार कंपनीने संगणकाचा पत्ता चुकीच्या ग्राहकाशी जोडला होता. तो निरपराध तरुण सुमारे पन्नास दिवस कोठडीत राहिला. त्याने काय उघड केले होते आणि काय झाकले होते याचा येथे काहीच संबंध नव्हता. त्याच्याविषयीची नोंद दुसऱ्याच्या ताब्यात होती आणि ती त्याला पाहता येत नव्हती.

फेसबुकचा प्रवास उलट दिशेने झाला. आरंभी ते एका विद्यापीठापुरते मर्यादित होते आणि सप्टेंबर २००६ मध्ये सर्वांना खुले झाले. कार्नेगी मेलन विद्यापीठात अक्विस्टी व ग्रॉस यांनी २००५ मध्ये चार हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या प्रोफाइलांचा अभ्यास केला, तेव्हा मूळ मांडणीत बदल करून माहिती मर्यादित करणारे विद्यार्थी अत्यल्प आढळले. म्हणजेच संकेतस्थळ जे आधीपासून उघडे ठेवते ते उघडेच राहते. डिसेंबर २००९ मध्ये फेसबुकने नाव, छायाचित्र, लिंग, सध्याचे शहर आणि मित्रयादी ही सार्वजनिक माहिती ठरवली. टीका झाल्यावर मित्रयादी प्रोफाइलवरून लपवण्याची मुभा दिली. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात, एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने दिलेल्या आकड्यांनुसार, भारतात केवळ ३३५ व्यक्तींनी संबंधित ॲप घेतले होते आणि माहिती गेल्याची शक्यता असलेल्यांची संख्या ५,६२,४५५ होती. उरलेल्यांचा दोष एवढाच की ते कोणाचे तरी मित्र होते. मित्रयादीविषयी वर जे म्हटले त्याचा हा जागतिक पुरावा समजावा.

पालघर येथे नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिले आणि दुसरीने त्याला पसंती दर्शवली. दोघींना अटक झाली. पुढे खटला मागे पडला, आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द ठरवले. मतस्वातंत्र्याच्या दृष्टीने या प्रकरणाची चर्चा पुष्कळ झाली. मित्रांपुरते समजून लिहिलेले वाक्य गावाच्या चौकात पोहोचले, हा पैलू तेवढाच महत्त्वाचा आहे. तत्त्वज्ञ हेलन निसेनबॉम यांनी २००४ मध्ये मांडलेली उपपत्ती येथे उपयोगी पडते : ज्या संदर्भात माहिती दिली त्या संदर्भाचे संकेत मोडून ती पुढे वाहिली की खाजगीपणाचा भंग होतो, मग ती माहिती गुप्त असो वा नसो. गोटुलाची मर्यादा जाणणाऱ्या समाजाला ही उपपत्ती नवी वाटणार नाही.

यानंतर कुलपे आली. भारतीय स्त्रियांची छायाचित्रे उतरवून त्यांचा गैरवापर होत असल्याच्या तक्रारींवरून फेसबुकने जून २०१७ मध्ये भारतात प्रोफाइल छायाचित्राला संरक्षक कड देण्याची सोय आणली, आणि मे २०२० मध्ये संपूर्ण प्रोफाइलच कुलूपबंद करण्याची. मित्र नसलेल्याला आता जुनी छायाचित्रे व मजकूर दिसत नाही. कुलूप अनोळखी माणसासाठी आहे. कंपनीसाठी नाही, आणि मित्र म्हणून आत आलेल्या खोट्या खात्यासाठीही नाही.

आता एटापल्लीकडे परत येऊ. केंद्र शासनाने २०१४ मध्ये नक्षलग्रस्त जिल्ह्यांत दूरध्वनी मनोरे उभारण्याची योजना मंजूर केली आणि त्यानंतरच्या दशकात जाळे हळूहळू आतल्या गावांपर्यंत गेले. पुण्या-मुंबईच्या मुलाचे नाव-आडनाव हजारोंच्या गर्दीत विरून जाते. येथे तसे होत नाही. आडनाव हेच कूळ, गावात घरे मोजकी. आडनाव आणि गाव एवढे कळले तरी घर सापडते. छायाचित्रात मागे जवानांचा तळ आहे की ठाकुरदेवाची जत्रा, कोणाच्या लग्नात कोण शेजारी उभे आहे, यावरून बाजू ठरवणारी नजर येथे अनेक वर्षे होती. सशस्त्र संघर्ष ओसरला तरी जुनी छायाचित्रे ओसरत नाहीत. विद्यार्थ्यांना ‘प्रोफाइल कुलूपबंद ठेवा’ असे सांगून आपण प्राध्यापक मोकळे होतो, परंतु पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा आणि खाणविरोधी ग्रामसभेत बोलणारा त्याचा काका एकाच मित्रयादीत असतात, तेव्हा कुलूप नेमके कोठे लावावे हे आपल्यालाही सांगता येत नाही.

कायदा आणि ग्रामसभा

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने घोषित केले. त्यातून २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. या अधिनियमातील एक अपवाद आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. उघडे प्रोफाइल म्हणजे संरक्षणाबाहेरचे प्रोफाइल. बाजारात कूळ सांगणाऱ्याने ते साऱ्या जगाला कायमचे देऊन टाकले, असे समजण्यासारखे हे आहे. याच अधिनियमाने माहितीच्या अधिकारातील व्यक्तिगत माहितीविषयक तरतुदीतही बदल केला आहे. त्यामुळे हजेरीपट आणि लाभार्थी याद्या तपासून भ्रष्टाचार उघड करणाऱ्या ग्रामस्थांपुढे खाजगीपणाचे कारण पुढे केले जाण्याची भीती रास्त आहे. ज्याला पाहायला हवे तो झाकला जाईल आणि ज्याला झाकायला हवे तो उघडा राहील, अशी ही उलटापालट होऊ शकते.

याउलट वनहक्क अधिनियम, २००६ पाहावा. दावेदाराचा दावा ग्रामसभेपुढे येतो, वनहक्क समिती जागेवर जाऊन पाहते, आणि २००८ च्या नियमांनुसार दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथनही पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाते. कोणाचे शेत कोठे, कोणाच्या आजाने कोणता नाला ओलांडून वस्ती केली, हे सारे चारचौघांत बोलले जाते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये याच मार्गाने सामूहिक वनहक्क मिळाला. ही माहिती संपूर्ण उघडी आहे. परंतु ऐकणाऱ्यांची नावे गावाला ठाऊक आहेत, त्यांचेही दावे त्याच सभेत येतात, आणि बोलणे माडिया किंवा गोंडीत होते.

भाषेचा हा मुद्दा किरकोळ नाही. २०२३ च्या अधिनियमानुसार माहिती घेण्यापूर्वी द्यावयाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाली व बोडो या भाषा त्या अनुसूचीत आल्या. गोंडी आणि माडिया त्यात नाहीत. एटापल्लीच्या विद्यार्थ्याला सूचना मराठीत वाचता येईल. अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी मात्र कायद्याला पालकाची पडताळून घेतलेली संमती हवी आहे, आणि ती देणाऱ्या, केवळ माडिया बोलणाऱ्या आईला ती सूचना तिच्या भाषेत समजावण्याचे बंधन कोणावरही नाही.